कातळावरच्या हत्तीशेजारी बैल का नाही?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही अणुस्कुरा घाट उतरून राजापूरकडं गेलो, तिथं कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खोदलेला हत्ती बघितला. एवढा मोठा की जवळ उभं राहून कळतच नाही, मुलगा कडेकडेनं चालत गेला तेव्हा सोंड कुठं आणि पाय कुठं ते ध्यानात आलं. आता तो रोज विचारतोय, एवढे प्राणी काढले मग बैल, नांगर, शेत का नाही काढलं? माणसानं शिकार सोडून शेती का धरली? आमचे आबा म्हणतात शेती आली आणि पोटाची ददात मिटली, विषय संपला. खरंय का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : पोराचा प्रश्न एक नंबर आहे, कारण अभ्यासकांनीही नेमकं ह्याच्यावरच बोट ठेवलंय. कोकणातल्या कातळशिल्पांत हत्ती आहे, गेंडा आहे, शार्क आणि पाकट आहे, माणसं आहेत, पण शेतात राबणारं कोण दिसत नाही, म्हणून ही शिकारीवर आणि मासेमारीवर जगणाऱ्या लोकांची कामं असावीत असं ते धरतात. कोकणात आज गेंडा कुठाय? म्हणजे जांभ्यावर घाव घातले तेव्हाचं रानच वेगळं होतं. ही ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलीत.

आणि बैल कधी आला हे चित्रातच बघायचं असेल तर त्याला भोपाळजवळ भीमबेटक्याला न्या. 1957 मध्ये पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांना रेल्वेतून जाताना हे खडक दिसले आणि ते तिथं जाऊन पोचले, आपण शेकडो चित्रं बघतोय ती त्यामुळं. तिथल्या जुन्या चित्रांत हरणं, गवे, रानडुकरं, धनुष्यबाण घेतलेली माणसं, मध काढणारे, हात धरून नाचणारे. मग त्यानंतरच्या चित्रांत वशिंडाचे बैल येतात, माळव्याच्या सपाटीवर शेती करणाऱ्या लोकांशी उठबस सुरू झाली त्या काळातले, आणि त्याच्याही नंतर घोड्यावरचे तलवारवाले. काही खडकांवर तर हे सगळं एकावर एक काढलेलं आहे, जुनं पुसायचं कुणाला वाटलं नाही. लाल रंग कसला, तर गेरूचा, आपण तुळशीवृंदावनाला लावतो तोच.

आता आबांचं. आबांना नमस्कार सांगा, पण हे मला पटत नाही. सीरियात अबू हुरेरा म्हणून गाव होतं, एकदम सुरुवातीच्या शेतकऱ्यांचं, तिथल्या सांगाड्यांत बहुतेक बायकांच्या पायाचे अंगठे, गुडघे आणि कंबर झिजलेली सापडली. कशानं, तर रोज तासन्‌तास गुडघ्यावर बसून, पायाची बोटं मागं मुडपून, पाट्यासारख्या दगडावर धान्य रगडून. घरात पाट्यावर मसाला वाटणारी आजी ज्यांनी बघितलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिल्या शेतकऱ्यांची उंची बऱ्याच ठिकाणी कमी झाली, दात किडले, कारण आधी दहा जातीची फळं, कंद, मांस पोटात जायचं आणि आता सगळा भार दोनतीन धान्यांवर आला, त्यात पाऊस चुकला की संपलंच.

मग धरली का शेती? धरली असं कुणी ठरवून नाही केलं. साधारण 11,700 वर्षांपूर्वी हिमयुग संपलं, हवा स्थिर झाली, पश्चिम आशियात रानगहू आणि रानजव भरपूर उगवायला लागले, आणि लोक ते विळ्यानं कापून आणत एका जागी राहायला लागले, पेरणी नंतरची. एका जागी राहिलं की पोरं लवकर लवकर होतात, भटकणाऱ्या बाईला कडेवर एकच मूल नेता येतं ना. आणि तोंडं वाढली की नुसत्या रानावर भागत नाही, परतीची वाट बंद.

पण कुठं कुठं लोक परतलेही, आणि ते लांब नाही, आपल्या पुणे जिल्ह्यात इनामगावला. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 तिथं उत्खनन केलं. घोड नदीकाठी जव पिकवणारे, पाण्यासाठी कालवा काढणारे हे लोक, साधारण 3,000 वर्षांपूर्वी पाऊसमान बिघडलं तेव्हा ऐसपैस चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, जनावरं आणि शिकारीवरचा भर वाढला. हे वाचल्यापासून मला दुष्काळात घरदार बांधून निघालेली माणसंच डोळ्यापुढं येतात.

पोराला एक दाखवाच. तळ्याकाठी देवभात, म्हणजे रानभात, उगवतो ना आपोआप, तो पिकल्यावर त्याची लोंबी हातात धरून नुसती हलवायला सांगा, दाणे झडून जातील, कुसळासकट. रानगव्हाचंही तसंच. पूर्वी कापून आणणाऱ्याच्या हातात जास्त कोणते दाणे राहिले, तर जे झडत नव्हते ते, आणि पुढं पेरले गेले तेही तेच, असं शेकडो वर्षं, पिढ्यान्‌पिढ्या. मग तुमच्या शेतातलं भात कापल्यावर त्याला खळ्यावर न्या आणि एक पेंढी झोडपायला लावा, दाणा सुटायला किती जोर लागतो ते त्याच्या हाताला कळू दे.