माझा जीव, माझी गाडी, मग बेल्टची सक्ती कशाला?

प्रश्न : ताई, माझं वय ५४, म्हापशाला दुकान आहे, घर पर्वरीला. मागच्या महिन्यात हायवेवर पोलिसांनी थांबवून हजार रुपयांचा तालांव (दंडाची पावती) दिला, का तर बेल्ट लावला नव्हता. गाडी हळू होती, कागदपत्रं सगळी बरोबर, दारू मी घेत नाही. मी काय लहान मूल आहे का? अपघात झाला तर मीच मरणार, दुसऱ्याचं काही जाणार नाही. सिगारेटचं पाकीट मला कोणीही विकतो, पावलापावलावर बार आहेत, तिथे सरकारला माझ्या जिवाची काळजी नाही मग बेल्टच्याच बाबतीत कशी काय आली?
— एक वाचक, पर्वरी

उत्तर : काका, प्रश्न रास्त आहे. "कायदा आहे म्हणून लावा" हे उत्तर मलाही पटत नाही, मोठ्या माणसावर सक्ती करायची तर कारण सांगायलाच पाहिजे.

आधी "मीच मरणार" हे घेऊ. गाडीत एकटे असलात तरी ते पूर्ण खरं नाही. रात्री आपल्या रस्त्यांवर मध्येच गुरं बसलेली असतात, तुम्ही जोरात ब्रेक मारला, स्टिअरिंग वळवलं आणि बेल्ट नसेल तर अंग सीटवरून सरकतं, गाडी वळवायची सोडून माणूस स्टिअरिंगला लटकून राहतो आणि पाय पेडलवरून सुटतो, म्हणजे ज्या क्षणी गाडी सावरायची नेमकी त्याच क्षणी ती कोणाच्याच ताब्यात नसते. त्या वेळी समोरून कोणीतरी स्कूटरवर येत असेल तर त्याचं काय? आणि बरोबर घरचे असतील तर बेल्ट न लावलेला माणूस गाडीतल्या गाडीत दुसऱ्यांवर जाऊन आदळतो.

आता "गाडी हळू होती" हे. ताशी ५० किलोमीटर आपल्याला हळूच वाटतं. पण गाडी आदळून थांबली तरी आतला माणूस त्याच ५० च्या वेगाने पुढे जात राहतो, आणि हा वेग म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यावर जमिनीला लागताना असतो तेवढा. ६० किलोचा माणूस डॅशबोर्डवर आपटून दहा सेंटिमीटरच्या आत थांबला तर अंगावर जवळजवळ सहा टनांचा जोर येतो. बेल्ट असला की माणूस सीटला बांधलेला राहतो, गाडीचं पुढचं तोंड चेपत जातं त्याच्याबरोबर तोही थांबत जातो, पट्टाही थोडा ताणतो, असं करून थांबायला अर्ध्या मीटरहून जरा जास्त अंतर मिळतं आणि तोच जोर एक टनाच्या आसपास उतरतो. तोही छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर वाटला जातो. हाताने डॅशबोर्ड धरून ठेवीन म्हणणारे खूप भेटतात, पण सहा टन हाताने कोणाला थांबवता येतात सांगा.

आपण लावतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा बेल्ट व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट बाकीच्या कंपन्यांनाही वापरू दिलं. म्हणजे बेल्ट होता, गाड्यांत बसवलेलाही होता, लोक लावत नव्हते. वापरायची सक्ती पहिल्यांदा केली ती ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने, १९७० मध्ये. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटसाठी कायदा ३१ जानेवारी १९८३ ला लागू झाला. तोवर तिथे वर्षानुवर्षं जाहिराती चालू होत्या, बेल्ट लावा बेल्ट लावा, तरी लावणारे होते शंभरात चाळीसच्या आसपास. कायदा आला आणि लगेच नव्वदच्या वर गेले.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. माणसं तीच, गाड्या त्याच, बेल्टही तोच, मग रातोरात एवढे लोक कसे बदलले? त्यांनी आधी नीट विचार करून "मला बेल्ट नको, मी धोका पत्करतो" असं ठरवलेलं असतं तर एवढ्या सहजासहजी नसते बदलले. त्यांनी काही ठरवलंच नव्हतं, राहून जात होतं इतकंच. तुम्हीच आठवून बघा, त्या दिवशी दुकान बंद करून गाडीत बसताना तुम्ही बेल्टचा विचार तरी केला होता का? एका फेरीत अपघात व्हायची शक्यता खरंच खूप कमी असते त्यामुळे रोज मन म्हणतं आज काही नाही होत, आणि रोज ते बरोबर ठरतं, नेमका कुठला दिवस चुकायचा ते कोणालाच कळत नाही. अशा वेळी सवय लागते तीच कामाची आणि दंड असला की सवय लागते. सक्ती मला पटते ती यासाठी.

सिगारेट-दारूचं तुमचं म्हणणं मी झटकून टाकत नाही, सरकारला त्यातून महसूल मिळतो हे खरंच आहे. पण सक्तीने माणसाकडून काय काढून घेतलं जातं तेही बघायला हवं. दारू सोड म्हणणं म्हणजे त्याची आवड, मित्रांबरोबरची बैठक, सगळंच सोड म्हणणं. बेल्टने तुमचं काय जातं? तुम्ही कुठे जाता, कधी जाता, कोणाबरोबर जाता, कशालाच हात लागत नाही, तीन सेकंद जातात. जायचं एवढं थोडं आणि वाचायचा जीव, तिथे सक्ती रास्त. जिथे आयुष्यच बदलायला लावायचं तिथे सक्तीला मीही विरोध करीन.

काही जण गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) खाटांचा, १०८ रुग्णवाहिकेचा खर्च सांगतात, बेल्ट न लावणाऱ्यांचा भार सगळ्यांनी का उचलायचा म्हणून. ते कारण मी पुढे करत नाही. त्या हिशोबाने उद्या गोड खाणाऱ्यालाही दंड लावता येईल. मला त्यापेक्षा घरातली माणसं दिसतात. डोक्याला मार लागून माणूस वाचतो पण उठत नाही, मग त्याला भरवायचं, कूस बदलायची, हे वर्षानुवर्षं कोण करतं? बायको नाहीतर मुलगी.

हजार रुपयांचं म्हणाल तर तो दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब मध्ये आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. त्यात गाडी चालवणाऱ्याने बरोबरच्यांना बेल्ट न लावता नेलं तरी दंड त्यालाच. गाडीतल्या सगळ्यांची जबाबदारी स्टिअरिंगवर बसलेल्याची, हे मला बरोबर वाटतं.

प्रश्न : आम्ही सासूबाईंना घेऊन मंगेशीला, शांतादुर्गेला जातो. मागच्या सीटवर त्या बेल्ट लावूच देत नाहीत, साडी चुरगळते म्हणतात, आणि मिस्टर म्हणतात एअरबॅग आहे ना. मागे खरंच गरज असते का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : असते, आणि नियमातही आहे, समोर तोंड करून बसणाऱ्या मागच्या प्रवाशांनाही बेल्ट लावायचा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी आदळली ते आठवत असेल. मागचे दोघं बेल्टशिवाय होते, दोघंही गेले, पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले. गाडी साधीसुधी नव्हती. एअरबॅग बेल्टच्या जोडीला म्हणून बनवलेली असते, ती निमिषात फुगते आणि बेल्ट नसलेला माणूस आधीच पुढे फेकला गेला असेल तर तिचाच मार बसतो. शिवाय समोरची एअरबॅग पुढच्यांसाठी, मागे बसणाऱ्यांच्या समोर ती बहुतेक गाड्यांत नसतेच.

सासूबाईंना सांगताना त्यांच्या जिवाची भीती घालू नका, त्यांना ती नसते. "आई, तुम्ही बेल्ट नाही लावलात तर तुमचं सगळं वजन तुमच्या लेकाच्या पाठीवर येईल" असं सांगा, खरंही आहे ते. लावताना कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली मांड्यांच्या सांध्यापाशी बसवा आणि पदर आधी नीट काढून घ्या. आणि बेल्टचा आवाज बंद करायला खाचेत घालायच्या क्लिपा मिळतात त्यातली एखादी तुमच्या गाडीत असेल तर काढून टाका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना त्या विकणं बंद करायला लावलं होतं.

प्रश्न : गाडी पाण्यात पडली तर बेल्टमुळे अडकून मरणार नाही का? आपल्याकडे एवढे पूल आहेत.
— एक वाचक, कुठ्ठाळी

उत्तर : झुआरीच्या पुलावरून जुलै २०२२ मध्ये गाडी नदीत गेली होती, त्यामुळे तुमची भीती मला समजते. पण पाण्यात पडण्याआधी गाडी कठड्यावर आदळते, मग वरून पाण्यावर आपटते, आणि तेव्हा डोकं आपटून शुद्ध गेली तर पुढे काहीच करता येत नाही. शुद्धीवर असलेला माणूस बेल्टचं लाल बटण दाबून एका क्षणात सुटतो. पाण्यात गेल्यावर दार उघडायच्या नादी लागू नका, बाहेरून पाणी दाबत असतं, आधी बेल्ट सोडा आणि लगेच काच खाली करा, गाडी तरंगत असते तोवर, कारण पाणी काचेच्या वर आलं की काचही जड जाते. काच फोडायची छोटी हातोडी मिळते, ती डिकीत नको, बसल्या जागी हाताला लागेल अशी ठेवा.