हर्मिट क्रॅबच्या टाकीत तळाला काय घालावे?

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत मुलीच्या हट्टापायी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून दोन हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, आणले. दुकानदाराने दिलेल्या काचेच्या टाकीत रंगीत खडीचा दोन बोटे जाडीचा थर आहे. अलीकडे मोठा खेकडा एका कोपऱ्यात सारखी खडी उकरत बसतो आणि मग तिथेच निपचित पडून राहतो. खडी काढून शेतातली काळी माती घालावी, असे वडील म्हणतात. घरी कुंड्यांसाठी आणलेले कोकोपीट आणि बांधकामातून उरलेली वाळूही आहे. यांपैकी काय योग्य ठरेल?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपला खेकडा उकरतो आहे, कारण त्याला जमिनीखाली जायचे आहे आणि खडी त्याला जाऊ देत नाही. जमिनीवर राहणारे हे खेकडे वाढताना अंगावरचे कठीण कवच (राहण्याचा शंख नव्हे) टाकून नवे धारण करतात. त्या काळात त्यांचे अंग मऊ असते, हालचाल जवळपास थांबते आणि टाकीतला दुसरा खेकडाही त्यांना इजा करू शकतो. म्हणून ते ओल्या वाळूत खोल पोकळी करून अंधारात राहतात. लहान खेकड्याला यासाठी काही आठवडे लागतात, तर मोठ्याला दोन महिने किंवा त्याहून अधिकही लागू शकतात. तळाच्या थराचे खरे काम हेच आहे. तो दिसायला कसा आहे यापेक्षा त्यात केलेली पोकळी ढासळत नाही ना आणि ओल टिकते ना, एवढेच पाहावे. खडी या दोन्ही कसोट्यांवर नापास होते. दुकानातून ती का दिली जाते, याचे उत्तर बहुधा एवढेच, की ती रंगीत दिसते आणि विकायला सोपी जाते.

वडिलांची सूचना शेतीच्या दृष्टीने समजण्याजोगी आहे, परंतु मराठवाड्यातली काळी माती येथे उपयोगाची नाही. तिच्यातली चिकण ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. ओल्या मातीत हवा खेळत नाही आणि वाळलेली माती खेकड्याला उकरता येत नाही. त्याखेरीज शेतातल्या मातीत खतांचे व कीटकनाशकांचे अंश असण्याची शक्यता असते. खेकडे आणि कीटक दोघेही संधिपाद असल्याने पिकावरच्या किडीला मारणारे औषध यांनाही घातक ठरते.

सर्वांत भरवशाचे मिश्रण म्हणजे पाच भाग बारीक वाळू आणि एक भाग कोकोपीट. वाळू आकार धरते आणि कोकोपीट ओल धरते. थराची जाडी किमान १५ सेंटिमीटर असावी आणि सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट तरी असावी. या दोहोंपैकी जे माप अधिक भरेल ते धरावे. समजा, टाकीचा तळ ६० बाय ३० सेंटिमीटर आहे आणि थर २० सेंटिमीटरचा करायचा आहे, तर ३६ लिटर मिश्रण लागेल, म्हणजे ३० लिटर वाळू आणि ६ लिटर फुललेले कोकोपीट. कोकोपीट वाळूच्या कणांमध्ये सामावत असल्याने दोन्ही थोडे जास्तच घ्यावे. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची एक दाबलेली वीट भिजल्यावर सात ते नऊ लिटर होते, तेव्हा एक वीट पुरेल. मात्र ३० लिटर कोरड्या वाळूचेच वजन ४५ किलोच्या आसपास भरते, हे लक्षात घेऊन टाकीखालचे टेबल आधी तपासावे.

आपल्याकडची उरलेली वाळू नदीची असेल तर ती बारीक चाळून, गाळ जाऊन पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, ताडपत्रीवर कडक उन्हात वाळवून घ्यावी. ती सिमेंटच्या संपर्कात आलेली नाही याची मात्र खात्री हवी. हल्ली बहुतेक बांधकामांवर क्रश सँड असते, ती वापरू नये. दगड फोडून केलेल्या त्या वाळूचे कण टोकदार असतात आणि तिच्यातल्या भुकटीचा ओला झाल्यावर चिखल होतो. कोकोपीट घेताना पिशवीवरची माहिती वाचावी. खत मिसळलेले कोकोपीट कुंडीला चांगले, टाकीला नाही. ‘कॅल्शियम सँड’ या नावाने मिळणारी वाळू ओली होताच घट्ट गोळा होऊन बसते, म्हणून टाळावी. चीड किंवा देवदार लाकडाचा भुसाही नको, कारण त्यातली तेले या प्राण्यांना अपायकारक असतात.

ओल किती असावी, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण बहुतेकांचे चुकते ते येथेच. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात त्याहून किंचित अधिक ओल हवी. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. गोळ्यात बोट खुपसून काढल्यावर भोक तसेच उभे राहिले, तर खेकड्याची पोकळीही उभी राहील. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन घालवणारे थेंब त्यात आधी टाकावेत. तांब्याच्या हंड्यात साठवलेले पाणी आपल्याला हितकारक मानले जात असले तरी या खेकड्यांना देऊ नये, कारण तांबे कवचधारी जलचरांना विषारी असते. पहिल्यांदा मिश्रण भिजवताना समुद्री मत्स्यालयाच्या मिठाचे पाणी वापरावे, स्वयंपाकाचे मीठ नव्हे. पुढे ओल राखण्यासाठी साधे क्लोरीनमुक्त पाणीच घालावे, कारण पाणी उडून जाते आणि मीठ मागे साचत राहते.

हे खेकडे जमिनीवरच्या जगण्याला अनुकूल झालेल्या कल्ल्यांनी श्वास घेतात आणि कल्ले ओले राहिले नाहीत तर गुदमरतात. त्यामुळे टाकीतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस राहावे. आपल्याकडचा एप्रिल-मे या दोन्हींच्या विरुद्ध असतो. जाळीचे झाकण असेल तर ते काढून काचेचे घालावे आणि टाकी खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी. परभणीची थंडीही साधी नाही. हिवाळ्यात उष्णतेची पट्टी लावावी लागलीच, तर ती टाकीच्या मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर लावावी. तळाखाली लावल्यास खाली पुरलेला खेकडा भाजून निघतो.

आता आपला मोठा खेकडा. मिश्रण तयार करून टाकी आजच भरावी आणि त्याला हलक्या हाताने वर ठेवावे, तो स्वतःच खाली जाईल. त्याने वरच कवच टाकायला सुरुवात केलेली दिसली, तर मात्र त्याला अजिबात हलवू नये. बूड कापलेली प्लास्टिकची बाटली त्याच्याभोवती रोवून दुसऱ्या खेकड्याला दूर ठेवावे, वर काळे कापड घालावे आणि टाकलेले कवच तेथेच राहू द्यावे. ते खाऊनच तो कॅल्शियम परत मिळवतो.

प्रश्न : आमच्या टाकीत नुसते कोकोपीट आहे. त्यावर पांढरी बुरशी येते आणि अलीकडे सडक्या अंड्यासारखा वास येतो. एक खेकडा महिन्याभरापासून खाली आहे. त्याला काढावे का?
— एक वाचिका, लातूर

उत्तर : बुरशी आणि वास ही दोन वेगळी लक्षणे आहेत. पृष्ठभागावरची बुरशी बहुधा उरलेल्या अन्नावर वाढते, म्हणून रात्री ठेवलेले खाणे सकाळी उचलावे. सडक्या अंड्याचा वास मात्र तळाशी पाणी साचून हवा संपल्याचे सांगतो. काचेतून पाहिल्यास तळाला पाण्याची रेषा दिसेल. पाणी घालणे ताबडतोब थांबवावे आणि खेकडा जिथे नाही त्या कोपऱ्यात खड्डा करून साचलेले पाणी मोठ्या सिरिंजने काढून घ्यावे. पुढच्या मांडणीच्या वेळी एका कोपऱ्यात तळापर्यंत पीव्हीसीची नळी उभी करून तिच्या खालच्या तोंडाला जाळी बांधली, तर हे काम सोपे होते.

महिनाभर खाली असणे हे खेकडा मेल्याचे लक्षण नाही. मेलेल्या खेकड्याला कुजलेल्या मासळीसारखा उग्र वास येतो. तो येत नसेल आणि पाणी त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसेल, तर उकरू नये. पाणी तिथवर गेले असेल तरच त्याला भोवतालच्या मिश्रणासकट उचलून वेगळ्या, खोल, ओलसर डब्यात ठेवावे. तो वर येऊन खाऊ-पिऊ लागल्यावर संपूर्ण टाकी रिकामी करून वाळू-कोकोपीटचे मिश्रण भरावे. त्यानंतर थर ठरावीक मुदतीने बदलत राहण्याची गरज नाही. वास आला, किडे झाले किंवा तळाशी पाणी साचले तरच, आणि सर्व खेकडे वर असतानाच तो बदलावा.