गोव्यात काजू-बेबिंकाचे बॉक्स करायला जुनं हँडफेड पंचिंग मशीन घ्यावं की कर्ज काढून ऑटोमॅटिक?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याजवळ छोटी शेड बघितलीय, काजू, बेबिंका (गोव्याचं थरांचं गोड) आणि मिठाईचे छापील बॉक्स करायचे आहेत, छपाई बाहेरून, पंचिंग (छापील शीटमधून बॉक्सचा आकार कापणं आणि घड्या पाडणं) आणि पेस्टिंग (चिकटवणं) स्वतःचं. शेवटी एक ओळ जोडलीय: "डीलर म्हणतो ऑटोमॅटिकवर अनुभवी पंचिंगवाल्याची गरज उरत नाही, हे खरं का?"

मशीन कुठलं घ्यायचं ते तुमच्या ऑर्डरवर आहे. पण डीलरचं वाक्य साफ खोटं आहे. हेच वाक्य आमच्या घरात प्रत्येक सणाला जेवायच्या ताटावर निघतं, म्हणून जरा लांबवर लिहितोय.

आमची शेड कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. भागीदार दोघे, मी आणि भावोजी. हिशेब, बँक, गिऱ्हाईक त्यांच्याकडे. शेडमधलं काम माझ्याकडे. दोन हँडफेड प्लॅटन (हाताने एकेक शीट घालायची, जबड्यासारखी मिटणारी पंचिंग मशीन) होती आणि त्यांच्यावर कोल्हापूरकडचे एक मिस्त्री. शाळा जेमतेम, पण डाय (कापायच्या आणि घडी पाडायच्या स्टीलच्या पट्ट्या, म्हणजे रूल, बसवलेला साचा) हातात घेतली की कुठल्या कोपऱ्यात कट हलका येणार ते मशीनवर चढवायच्या आधी सांगायचे. मग भावोजींनी मुंबईहून एक वापरलेलं ऑटोमॅटिक आणलं. हँडफेडवर चांगला माणूस तासाला हजाराच्या आसपास शीट काढतो, ऑटोमॅटिकच्या कागदावर सहा-सात हजार लिहिलेलं असतं. भावोजींनी तो आकडा बघितला, मिस्त्रींचा पगार बघितला, आणि मिस्त्रींना श्रीफळ-शाल देऊन निरोप दिला. मशीन चालवायला एक आयटीआय झालेला पोरगा ठेवला. पोरगा हुशार होता, त्याला नावं ठेवत नाही. पण त्याला बटणं शिकवली होती, बोर्ड, म्हणजे बॉक्सचा पुठ्ठा, कुणी शिकवला नव्हता.

गणेश चवथीच्या तोंडावर म्हापशाच्या एका काजूवाल्याची ऑर्डर आली. अर्ध्या किलोचा उभा बॉक्स, वर ग्लॉस लॅमिनेशन (चकचकीत प्लास्टिकचा थर). माझा लेआउट एका शीटवर सहा बॉक्सचा होता. भावोजींनी डायवाल्याशी परस्पर बोलून बॉक्स आडवा फिरवला आणि त्याच शीटवर सात बसवले. कागद वाचला म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते. मी म्हटलं, भावोजी, ग्रेन फिरला, म्हणजे बोर्डातल्या तंतूंची दिशा. ते म्हणाले, "ग्रेन लाकडाला असतो रे, पुठ्ठ्याला कसला?" बहिणीच्या नवऱ्याशी शेडमध्ये, कामगारांसमोर किती वाद घालणार?

बॉक्स पंच झाले, चिकटवले, म्हापशाला गेले. काजू भरले आणि बॉक्सच्या पुढच्या भिंती बाहेर आल्या. दुकानातल्या फळीवर एकही ओळ सरळ उभी राहीना. काजूवाल्याचा फोन: "हें कितें रे, बॉक्साक पोट आयलां!" वर कोपऱ्यांवर घडीच्या रेषेत लॅमिनेशन तडकून खालचा पांढरा बोर्ड दिसत होता.

भावोजींचा निकाल तयार: पावसाळा आहे, कागद दमट आला, मिलची चूक.

मी मिस्त्रींना गाडी पाठवून बोलावून घेतलं. त्यांनी आधी मशीनकडे बघितलंच नाही. एक बॉक्स उलगडला, बोर्डाचा चौकोनी तुकडा कापला, वरचा थर सोलला आणि मागची बाजू ओल्या बोटाने पुसली. तुकडा लगेच गुंडाळायला लागला. गुंडाळीचा आस ज्या दिशेने, त्या दिशेने ग्रेन. बॉक्सवर धरून दाखवलं: ग्रेन बॉक्सच्या उंचीच्या दिशेने उभा. खरं तर तो चारी भिंतींभोवती आडवा फिरायला हवा. भिंत दोन उभ्या घड्यांच्या मध्ये ताणलेली असते, आतून माल ढकलतो, आणि बोर्ड ग्रेनच्या दिशेनेच सगळ्यात ताठ असतो. ती ताकद आडवी मिळाली नाही की पोट सुटणारच. सातवा बॉक्स फुकट मिळाला आणि सातही बॉक्स वाया गेले.

तडकण्याचं कारण वेगळं होतं, आणि तेही मिस्त्रींनीच काढलं. आधीचा जॉब 0.4 मिमीच्या ड्युप्लेक्सवर (एका बाजूला छपाईचा पांढरा थर असलेल्या पुठ्ठ्यावर) होता. त्याचं गणित असं: क्रीझिंग चॅनेलची (घडीचा रूल बोर्डाला ज्या खाचेत दाबतो तिची) रुंदी म्हणजे बोर्डाच्या जाडीची दीडपट अधिक क्रीझिंग रूलची जाडी. 0.4 ची दीडपट 0.6, त्यात दोन पॉइंट जाडीचा रूल 0.71 मिमी, म्हणजे साधारण 1.3 मिमीचं चॅनेल. काजूच्या बॉक्सला बोर्ड जाड घेतला होता, आणि पोराने हाताशी होतं तेच 1.3 चं चॅनेल चिकटवलं. बोर्डाला आत दबायला जागा नाही, मग वरची कातडी फाटते. शिवाय काही ठिकाणी कट सुटत नव्हता म्हणून त्याने सगळं प्रेशर वाढवलं होतं. ज्या कोपऱ्यात कट हलका तिथे डायमागे पातळ टेप लावून मेकरेडी करायची असते, म्हणजे दाब सगळीकडे सारखा आणायचा. प्रेशर वाढवलं की चारच कोपरे सुटतात, पण बाकीच्या रूलची धार चेपते आणि खालच्या कटिंग प्लेटवर चर पडतात. त्या एका जॉबमध्ये डायही गेली आणि प्लेटही.

आता माझा मुद्दा, जो भावोजी अजून मानत नाहीत. बोर्ड दमट होता असं ते म्हणतात ना? त्याच लॉटचे उरलेले शीट त्याच आठवड्यात, त्याच पावसात, मिस्त्रींनी जुन्या हँडफेडवर, जुन्या सहाच्या डायवर, रुंद चॅनेल लावून पंच केले. ते बॉक्स काजूवाल्याने भरले, फळीवर ओळीत उभे राहिले, एकही परत आला नाही. मिल तीच, पाऊस तोच. बदललं काय, तर माणूस, मशीन, डाय आणि चॅनेल. यावर भावोजींचं उत्तर आहे, "ते शीट वरचे होते, खालचे ओले असतील." म्हणून मी वाद थांबवलेला नाही, फक्त जागा बदललीय.

त्यांना इतिहासही आवडतो. दर वेळी सांगतात की 1879 मध्ये ब्रुकलिनला रॉबर्ट गेअरच्या छापखान्यात घडी पाडायची धातूची पट्टी जागची हलली, बियांच्या पिशव्यांना घडी पडण्याऐवजी पिशव्या कापल्या गेल्या, आणि त्यातून त्याला एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं सुचलं. मग 1940 मध्ये स्वित्झर्लंडच्या बॉब्स्टने ऑटोप्लॅटन आणलं आणि माणसाचं काम संपलं. अहो, पहिल्याच गोष्टीत पट्टी हलल्याचं लक्षात घेणारा माणूस होता! कटिंग रूल 23.8 मिमी उंच, क्रीझिंग रूल बोर्डाच्या जाडीएवढा कमी. हा फरक मशीन पाळत नाही, डाय बांधणारा आणि मेकरेडी करणारा पाळतो. ऑटोमॅटिकवर तर आणखी एक काम वाढतं. शीट ग्रिपरने (मशीनच्या चिमट्यांनी) ओढत नेताना बॉक्स सुटून पडू नयेत म्हणून कटिंग रूलला निक (बारीक खाचा, तिथे बोर्ड न कापता जोडलेला राहतो) ठेवावे लागतात. निक लहान, तर पूर्ण वेगात शीट फाटून मशीनच्या पोटात गोळा होतो. निक मोठा, तर बॉक्सच्या कडेला केसाळ टोकं राहतात आणि गिऱ्हाईक नखाने ती दाखवतं. किती ठेवायचे ते बोर्ड बघून ठरतं. ते डीलर येऊन ठरवणार आहे का?

तर तुमच्यासाठी: मिठाई-काजूचे छोटे छोटे जॉब, दर महिन्याला नवं डिझाइन, असं असेल तर जुनं हँडफेड घ्या आणि उरलेल्या पैशात चांगला पंचिंगवाला ठेवा, चांगला पगार देऊन. छोट्या जॉबमध्ये वेळ जातो तो डाय चढवण्यात आणि मेकरेडीत; सहा हजारांचा वेग तिथे काही कामाचा नाही. मशीन घेताना डीलरच्या डायवर डेमो बघू नका. तुमचा बोर्ड, तुमची डाय न्या, मेकरेडीशिवाय एक पूर्ण शीट पंच करा आणि चारी कोपऱ्यांत कटची खोली बघा. एक बाजू सुटते आणि दुसरी नुसती घासते, तर बहुधा मशीनचे बुश (फिरत्या दांड्यांभोवतीच्या धातूच्या बाह्या) झिजलेत. दर पाडा किंवा उठून या.

वेर्ण्याच्या औषध कंपन्यांचं काम मिळवायचं स्वप्न असेल तर मात्र वरचं विसरा. तिथे ऑटोमॅटिकशिवाय तुम्हाला गेटच्या आत घेणार नाहीत. युरोपला जाणाऱ्या औषधांच्या कार्टनवर ब्रेल लागतं, आणि ते प्रत्येक बॉक्सवर एकाच जागी, एकाच उंचीचं हवं.

बेबिंकाबद्दल एक. 2023 मध्ये तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून जो तो झगमगीत बॉक्स मागतो. तूप आणि नारळाचं दूध बोर्डात झिरपतं. राखाडी पाठीचा ड्युप्लेक्स तिला थेट लावू नका, तो रद्दीपासून बनतो. आत वेगळा ट्रे किंवा तूप न शोषणारा कागद द्या, त्याची किंमत आधीच कोटेशनमध्ये धरा.

पावसाबद्दल भावोजी पूर्णपणे चूक नाहीत, हेही लिहून ठेवतो. इथे जून ते सप्टेंबर बोर्डाच्या कडा लाटांसारख्या होतात, फीडर शीट उचलत नाही, पेस्टिंग वाळायला दुप्पट वेळ घेतं. रीम जॉब लागायच्या दिवशीच फोडा, उरलेले प्लास्टिकमध्ये गुंडाळा, भिंतीला टेकवून ठेवू नका. पण आमच्या बॉक्सना पोट पावसाने आलं नाही.

आणि हँडफेड घ्या म्हटलं तेव्हा हे आधीच लिहायला हवं होतं: ते मशीन बोटं नेतं. पुढची सेफ्टी पट्टी ढकलली की जबडा जागच्या जागी थांबला पाहिजे. स्वतः उभे राहून, मशीन चालू असताना, लाकडी पट्टीने ती ढकलून बघा. पुष्कळ जुन्या मशीनवर ती तारेने बांधून ठेवलेली असते, कारण काम जलद होतं. तसं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी आधी ती दुरुस्त करून घ्या, नंतर डाय चढवा. पंचिंगवाल्याला तासाच्या शीटवर बोनस लावू नका.

बाकी तुम्ही बॉक्सचं माप, बोर्डाचा जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), आणि महिन्याला साधारण किती शीट होतील ते लिहिलेलंच नाही. ते खाली टाका, मग कर्ज काढायचं की नाही ते बोलू. डायवाला अजून ठरवला नसेल, तर मशीनच्या आधी तो ठरवा, आणि त्याला सांगून ठेवा की लेआउट तुमच्या सहीशिवाय बदलायचा नाही, मग सांगणारा तुमचा भागीदार असो नाहीतर भावोजी.