ऋणी, मिंधा आणि ‘उतांग ना लोओब’

प्रश्न थोडक्यात असा : “आमच्या पुण्याच्या ऑफिसचं काम मनिलाच्या टीमबरोबर चालतं. तिथल्या एका टीम लीडला दुसरीकडून जास्त पगाराची नोकरी चालून आली, पण ती गेली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, ‘उतांग ना लोओब’. वडिलांच्या आजारपणात साहेबांनी मदत केली होती म्हणे. ऑफिसच्या दिवाळी अंकासाठी मी यावर लिहितो आहे. याला मराठीत कृतज्ञता म्हणू, उपकार म्हणू, की ऋण? आणि तिकडे शिवीसारखं ‘वालांग हिया’ म्हणतात, त्यातला हिया म्हणजे आपलीच ‘हया’ ना?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकतो. नाही. ‘वालांग’ म्हणजे नसलेला, तेव्हा ‘वालांग हिया’ म्हणजे शब्दशः बेहया. मोह होणारच, मलाही झाला होता. पण आपली हया अरबीतून फारसीच्या वाटेने आली, आणि तागालोगमधला (म्हणजे मनिलाकडच्या भाषेतला, फिलिपिनो भाषा तिच्यावरच उभी आहे) हिया त्या भाषाकुळाचा घरचा शब्द आहे. शेजारच्या हिलिगायनॉन भाषेत त्याचं भावंड ‘हुया’ म्हणून नांदतं. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, नातं मात्र नाही. ‘उतांग’ आणि ‘उधार’ यांचंही तसंच. उतांग म्हणजे कर्ज, मलयमध्ये हुतांग. उधाराशी त्याचा सुतराम संबंध नाही.

नातं शोधायचंच असेल तर ते भलतीकडे सापडतं. फिलिपिनोत नीतिमूल्यांना ‘पाग्पापाहालागा’ म्हणतात. त्याच्या पोटात ‘हालागा’ आहे, म्हणजे किंमत. हालागा आला मलय ‘हार्गा’वरून, आणि हार्गा आला संस्कृत ‘अर्घ’वरून. त्याच अर्घाला महा लागून महार्घ झालं आणि मराठीत त्याचं महाग झालं. तिकडे ‘माहालागा’ म्हणजे महत्त्वाचं. (त्यातला ‘मा’ हा त्यांचा स्वतःचा उपसर्ग, आपला महा नव्हे.) म्हणजे त्यांचं महत्त्वाचं आणि आपलं महाग हे एकाच आजोबांचे नातू आहेत. सदसद्विवेकाला तागालोगमध्ये ‘बुधी’ म्हणतात, तीही आपलीच बुद्धी.

आता मुख्य शब्द. ‘लोओब’ म्हणजे आतली बाजू. घराच्या आत म्हणायला लोओब आणि माणसाच्या आत म्हणायलाही लोओब. ‘लाकास नांग लोओब’ म्हणजे आतलं बळ, अर्थात धैर्य. ‘सामा नांग लोओब’ म्हणजे मनात राहिलेली अढी. तसं ‘उतांग ना लोओब’ म्हणजे आतलं कर्ज. खिशाला लागणारं कर्ज वेगळं, हे आत लागतं. मलय भाषेत याच भावनेला ‘हुतांग बुदी’ म्हणतात, बुद्धीचं कर्ज. तिथेही आपली बुद्धी हजर आहेच.

मग मराठीत काय? ‘कृतज्ञता’ नको. कृतज्ञता ही भावना आहे आणि ती निरोपसमारंभाच्या भाषणातही व्यक्त करून मोकळं होता येतं. उतांग ना लोओब हा व्यवहार आहे, आणि त्यातून मोकळं होण्याची सोय नाही. आपल्याकडे ‘उतराई होणे’ हा सुरेख वाक्प्रचार आहे. उपकाराची परतफेड झाली, ओझं उतरलं, माणूस सुटला. उतांग ना लोओबमधून उतराई होता येत नाही. तुम्ही काही परत केलंत की समोरचा आणखी काही करतो, आणि कर्ज या खांद्यावरून त्या खांद्यावर जात राहतं.

‘ऋण’ बरंच जवळ जातं, कारण ‘तुमच्या ऋणातच राहू इच्छितो’ असं आपणही म्हणतो. पण खरी अडचण पुढेच आहे. मराठीने या भावनेचे दोन तुकडे केले आहेत. ऋणी हा मानाचा शब्द, मिंधा हा अपमानाचा. एकाच माणसाने, एकाच मदतीसाठी, एकाच साहेबाबद्दल ‘मी त्यांचा ऋणी आहे’ म्हटलं तर आपण मान डोलावतो. ‘मी त्यांचा मिंधा आहे’ म्हटलं तर आपल्याला त्याची कीव येते. म्हणजे शब्द निवडला की निवाडाही झाला. फिलिपिनो माणसाकडे हे दोन्ही एकाच शब्दात आहे. तुमच्या टीम लीडने जे सांगितलं त्यात ऋण किती आणि मिंधेपण किती, हे त्या शब्दावरून कळणार नाही. कदाचित तिलाही ते वेगळं करून सांगता येणार नाही.

माझी तागालोग पुस्तकातली नाही. जहाजावर इंजिनरूममध्ये मी बरीच वर्षं काढली, आणि रत्नागिरीकडची आमची मंडळी जिथे जिथे असत तिथे फिलिपिनो ऑइलर आणि फिटर असतच. त्यांच्याकडून दोन शब्द शिकलो, ते तुमच्या लेखात जरूर घ्या. एक, ‘तुमानाव’. तानाव म्हणजे लांबवर नजर टाकून पाहणं. उतांग ना लोओब फेडत नाहीत, त्याच्याकडे नजर ठेवतात, ते नजरेआड होऊ देत नाहीत. ज्याने तशी नजर ठेवली नाही तो ‘वालांग उतांग ना लोओब’, आणि ही शिवी वालांग हियाच्याच तोडीची लागते. दुसरं, ‘पानुनुम्बात’. केलेले उपकार समोरच्याला ऐकवणं. आपण ‘उपकार बोलून दाखवणे’ म्हणतो ना, अगदी तेच. या दुसऱ्या शब्दामुळे तोल साधतो. ज्याच्यावर उपकार झाले त्याने विसरू नये, आणि ज्याने केले त्याने उच्चारू नये. साहेबाने मदतीची आठवण करून दिली की त्याची बाजू लंगडी होते. मिंधेपणाची सुरुवात तिथून, असं मला वाटतं.

ऑफिसात हे कुठे बोचतं? पहिली जागा नोकरभरती. फिलिपिन्समध्ये वशिल्याला ‘पाद्रिनो’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द, मूळ अर्थ धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी आणि लग्नातही तिकडे ‘निनोंग’ आणि ‘निनांग’ (धर्मपिता आणि धर्ममाता) करतात. साहेब, मालक, पुढारी यांना त्या मानाला बोलावतात, आणि मग ते आणि मुलाचे आईबाप एकमेकांचे ‘कुम्पारे’, ‘कुमारे’ होतात. रक्ताचा संबंध नसताना सोयरीक तयार. उद्या त्या घरातला मुलगा नोकरीला आला तर त्याला नाही कसं म्हणणार?

कायद्यालाही या गोतावळ्याची दखल घ्यावी लागली, आणि तिथे शब्दांची गंमत आहे. सरकारी नोकरांच्या आचारसंहितेचा १९८९चा कायदा, प्रजासत्ताक कायदा क्रमांक ६७१३. मूळ मसुदा इंग्रजीत. आपले कोणते नातेवाईक सरकारात आहेत हे प्रत्येकाने जाहीर करावं, असं त्यात कलम आहे. नातेवाईक कोण, तर चौथ्या पायरीपर्यंतचे रक्ताचे आणि लग्नसंबंधातले. एवढ्यावर थांबले असते तर गावभरचे सोयरे सुटले असते, म्हणून पुढे तीन शब्द जोडले आहेत : ‘बिलास, इन्सो आणि बालाए’. हे शब्द इंग्रजी मसुद्यात तसेच ठेवावे लागले, कारण इंग्रजीत त्यांना एकेक शब्दच नाही. मराठीत भाषांतर करायचं तर पेन अडत नाही. बिलास म्हणजे साडू किंवा जाऊ, इन्सो म्हणजे वहिनी, बालाए म्हणजे व्याही-विहीण. कायद्याच्या पुस्तकात साडू आलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही!

दुसरी जागा भेटवस्तूंची. प्रवासाहून येताना ‘पासालुबोंग’ आणायचं ही रीतच आहे. मराठीत याला ‘खाऊ’ हाच शब्द बसतो, मग तो पन्नाशीच्या साहेबासाठी आणलेला का असेना. खाऊला नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. दुसऱ्या टोकाला ‘लागाय’. मूळ अर्थ नुसता ठेवणं, मांडणं, आणि व्यवहारात लाच. आपण फायलीवर वजन ठेवतो, ते नुसतंच ठेवतात. या दोन टोकांमध्ये रेघ कुठे ओढायची? वर सांगितलेला १९८९चा कायदा म्हणतो की किरकोळ किमतीची, न मागता दिलेली, आणि कुठल्याही कामाच्या बदल्यात किंवा अपेक्षेने न दिलेली वस्तू ही ‘भेट’ धरू नये. त्याआधीचा १९७२चा अध्यक्षीय हुकूम क्रमांक ४६ अधिक कडक आहे. अधिकाऱ्याला त्याच्या पदामुळे कोणत्याही निमित्ताने, अगदी नाताळलाही, भेट देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा. ती पुढच्या कामाच्या आशेने दिली की मागच्या कामाची आठवण ठेवून, याने फरक पडत नाही. ‘मागच्या कामाची आठवण’ म्हणजे दुसरं काय, उतांग ना लोओबच! एका सद्गुणाला नाव न घेता गुन्ह्याच्या व्याख्येत बसवलेलं आहे. या हुकमावर सही पुढे अफाट भ्रष्टाचारासाठी बदनाम झालेले अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांची आहे. त्यावर मी काही बोलत नाही.

याच्या उलट, उपकाराचा हक्क झाला की लोओबचं कर्ज चढत नाही. १९७५च्या हुकमाने तेराव्या महिन्याचा पगार २४ डिसेंबरच्या आत देणं मालकांवर बंधनकारक केलं, आधी कमी पगारवाल्यांसाठी आणि १९८६पासून पगाराची मर्यादा काढून. तुमच्या लेखात ‘साहेब नाताळला बोनस देतात म्हणून लोक निष्ठावान’ असलं काही लिहू नका. तो पगार आहे.

हियाकडे परत येतो, कारण रोजच्या कामात त्याचा उपद्रव जास्त. शब्दकोशात लाज असं लिहिलेलं असतं, मी मात्र ‘भीड’ म्हणेन. भीड पडते म्हणून नाही म्हणवत नाही, भीड पडते म्हणून शंका विचारवत नाही. एकदा मी एका ऑइलरला सगळ्यांदेखत झापलं. झडप बंद केलीस का, असं विचारलं होतं, आणि तो ‘यस सर’ म्हणाला होता. झडप उघडीच होती. त्याच्या ‘यस’चा अर्थ ‘ऐकलं’ एवढाच होता, हे मला पुढे कळलं. (आपलं ‘बघतो’ काय वेगळं असतं?) चूक त्याची होती, तरी महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. बोसननी (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) मला समजावलं की तो ‘नापाहिया’ झाला. मराठीत पाणउतारा. एकट्याला बाजूला घेऊन दुप्पट बोललो असतो तरी चाललं असतं.

हिया हा एक शब्द नाही, त्याचं कुटुंब आहे, हे इतिहासकार झेउस सालाझार यांनी दाखवलं आहे. प्रत्यय बदलला की नैतिक रंग बदलतो. ‘नाहिहिया’ म्हणजे संकोच वाटतो आहे, ‘माहियाइन’ म्हणजे स्वभावाने लाजाळू, ‘नापाहिया’ म्हणजे लोकांत मान खाली गेली. तिन्हींना ‘लाज’ म्हटलंत तर काही सांगितल्यासारखं होणार नाही. तीच गोष्ट ‘पाकिकिसामा’ची, म्हणजे जुळवून घेणं, चारचौघांबरोबर राहणं. टीम उशिरापर्यंत थांबली तर आपणही थांबणं हा पाकिकिसामा, आणि सहकाऱ्याच्या खोट्या बिलाकडे कानाडोळा करणं हाही पाकिकिसामाच. भीड भिकेची बहीण, हे आपण त्यांना शिकवायला नको. ते त्यांनाही ठाऊक आहे.

एक सावधगिरी. ‘फिलिपिनो म्हणजे उतांग, हिया, पाकिकिसामा’ ही त्रिसूत्री व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फार दिसते. मानसशास्त्रज्ञ व्हिर्हिलिओ एन्रिकेझ यांनी त्यावर कडक आक्षेप घेतला होता. हे शब्द परक्या अभ्यासकांनी वरवर उचलले, गाभ्याचा शब्द ‘काप्वा’ आहे, असं त्यांचं म्हणणं. काप्वा म्हणजे माझ्यातला आणि दुसऱ्यातला सामाईक माणूस. त्या भाषेत समोरचा एक तर ‘इबांग ताओ’ असतो, नाही तर ‘हिन्दी इबांग ताओ’. (हिन्दी म्हणजे नाही. आपल्या हिंदीशी संबंध नाही, हे सांगितलेलं बरं.) परका आणि आपला, इतकं सरळ. परक्याशी सभ्यपणाने वागायचं, आपल्याला आत घ्यायचं. साहेबांनी आजारी वडिलांसाठी धावाधाव केली त्या दिवशी तुमची टीम लीड त्यांच्यासाठी आणि ते तिच्यासाठी परके राहिले नाहीत. मला एन्रिकेझ यांचं म्हणणं पटतं, फक्त पगारपत्रकावर सही करणारा आणि सही घेणारा हे दोघे कितीही ‘आपले’ झाले तरी समान होत नाहीत, एवढी पुस्ती मी जोडेन.

तेव्हा लेखात ती स्वतः बोलते तिथे ‘मी साहेबांच्या ऋणात आहे’ असं लिहा. मिंधेपणा हा शब्द तुमच्या तोंडी ठेवा, आणि तोही साहेबांनी कधी उपकार बोलून दाखवल्याचं कळलं तरच. लोओब दोन अवयवांत म्हणा, लो-ओब. लूब नव्हे.

जागा उरली तर शेवटी एक चौकट करा. फिलिपिन्समध्ये सापडलेला सर्वांत जुना लेख म्हणजे लागुना प्रांतातला ताम्रपट. तोही योगायोगाने १९८९मध्येच मिळाला. त्यावर तिथी आहे शक ८२२, वैशाख, कृष्णपक्ष चतुर्थी, सोमवार. म्हणजे इ.स. ९००. मजकूर कर्जमाफीचा, आणि कर्जाला शब्द ‘हुतांग’. नामवारान नावाच्या माणसाचं एक काती आणि आठ सुवर्ण एवढं सोनं माफ झालं, आणि त्याचं ‘विशुद्धपत्र’ त्याच्या मुलांना, अंगकातान आणि बुकाह यांना देण्यात आलं.