चेंबरनंतरही तळपायात मुंग्या आहेत, पूर्ण बरं होईल का?

पाण्याखालच्या डाइव्हनंतर तासाभरात पाय जड झाले (डीकम्प्रेशन सिकनेस, म्हणजे खोलातून वर येताना अंगात वायूचे बुडबुडे धरणं), दुसऱ्या दिवशी चेंबरमध्ये, म्हणजे दाब वाढवून ऑक्सिजन देतात त्या बंद खोलीत, एक टेबल सिक्स, म्हणजे उपचाराचं ठरीव सेशन, झालं, आता चालता येतंय पण मुंग्या जात नाहीत आणि उशीर केला म्हणून हे कायमचं राहील का, ही तुमची धास्ती. मी डॉक्टर नाही, पेशंटसोबत चेंबरमध्ये बसणारा अटेंडंट होतो बरीच वर्षं, तेवढंच धरा.

उशिराचं एवढं मनाला लावून घेऊ नका. नुसती सांधेदुखी किंवा अंगाला खाज असेल तर दिवसभर उशिरा आलेलेही बहुतेक ठणठणीत होतात. गंभीर केसमध्ये लवकर गेलेलं चांगलंच, पण खरा अंदाज येतो तो आत जायच्या आधी काय काय गेलं होतं आणि ते वाढत होतं की ओसरत होतं यावरून. पायातली ताकद किती गेली? पाण्यातून वर आल्याआल्या सुरू झालं की तासांनी? आणि लघवी होत होती का?

हसू नका. एकजण चालत आलेला, जरा थकल्यासारखं वाटतंय म्हणे. लघवी कधी केली विचारलं तर सकाळी, डाइव्हच्या आधी, आणि पोट बेंबीपर्यंत टम्म. कॅथेटर घालावा लागला, पुढे कित्येक महिने तेच दुखणं चिकटून राहिलं. दुसऱ्याला उचलून आणलेला, 18 मीटर खोल पाण्याइतक्या दाबाला ऑक्सिजन सुरू झाल्यावर थोड्या वेळात अंगठा हलला, माझ्यासमोर. दोघांवरून हिशोब मांडू नका, पण चालत येणाराच सुखरूप असं नसतं एवढं मी तेव्हा शिकलो.

टेबल सिक्सच्या पावणेपाच तासांत बुडबुडे लहान होतात, विरघळतात, पण मज्जारज्जूला आलेली सूज आणि झालेली इजा तेवढ्यात भरून येत नाही, म्हणून मुंग्या रेंगाळतात. पहिल्या सेशनला फरक पडलाय ही चांगलीच खूण. साधारणपणे सुधारणा थांबेपर्यंत पुढचे सेशन देतात, आणि त्यानंतरही महिनोन् महिने हळूहळू सुधारत राहतं.

पिन टोचून कुठपर्यंत जाणवतं ते तपासलं असेल, तो कागद मागून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ताडून बघता येईल. लघवी अडली किंवा पाय परत लुळे वाटले तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री फोन करा. विमानाचं तिकीट मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत काढू नका, आणि डाइव्हचा तर आत्ता विषयच नको.