जुन्या छोट्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला वीतभर प्ले आहे. बॉक्सवरचा स्क्रू आवळावा का?

तुम्ही विचारले आहे की, जुन्या छोट्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग जवळजवळ वीतभर फिरवले तरी पुढची चाके जागची हलत नाहीत, तर स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून हा प्ले काढता येईल का. तुमचे स्टिअरिंग साधे, म्हणजे पॉवर स्टिअरिंग नसलेले आहे असे धरून उत्तर देतो. त्या स्क्रूला इतक्यात हात लावू नका. मी नेमके तेच आधी केले होते. प्ले थोडासा कमी झाला, पण वळणावरून स्टिअरिंग परत सरळ करताना जोर लावावा लागू लागला आणि ढिलाई मुळात जिथे होती तिथेच राहिली. माझ्या ट्रॅक्टरमध्ये दोष ड्रॉप आर्मच्या (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर बसवलेल्या दांड्याच्या) स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टला धरणाऱ्या दातांवर होता आणि बॉक्स जवळजवळ निर्दोष होता.

वीतभर प्ले दिसला म्हणजे आत काहीतरी मोठे झिजले असेल असे वाटते, पण एक साधा हिशेब करून पाहा. समजा बॉक्सचे गुणोत्तर २० ला १ आहे (स्टिअरिंग २० अंश फिरले की आर्म १ अंश फिरतो), ड्रॉप आर्म १५० मिमी लांब आहे आणि स्टिअरिंग चाकाचा व्यास ३८० मिमी आहे. मग ड्रॉप आर्मच्या टोकाला असलेली फक्त १ मिमी ढिलाई स्टिअरिंग चाकाच्या कडेवर सुमारे २५ मिमी होऊन दिसते. दोन-तीन जॉइंट असे थोडे थोडे सैल झाले, त्यात बुशची (पिनभोवतीच्या नळीसारख्या अस्तराची) झीज मिळाली, की वीत पुरी होते. म्हणून एकच गुन्हेगार शोधण्याच्या भरात पहिला सैल जॉइंट सापडताच थांबू नये.

आधी प्ले मोजून लिहून ठेवा. पुढची चाके सरळ ठेवून स्टिअरिंगच्या कडेवर चिकटपट्टीची खूण करा आणि टायर हलू लागेपर्यंत ती खूण डावीकडून उजवीकडे किती सरकते ते पट्टीने मोजा. अनेक लहान ट्रॅक्टरांना कडेवर २० ते ५० मिमीच्या आसपास प्ले चालतो, तरी तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा तोच खरा मानावा. शून्य प्ले हे उद्दिष्टच नव्हे.

तपासणीसाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना उटी लावा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्या. पुढची चाके या वेळी जमिनीवरच असू द्यावीत, कारण टायरने विरोध केला तरच सैल जॉइंट उघडे पडतात. जॅकवर उचललेले चाक सगळ्यासोबत गुमान फिरते आणि दोष लपवते. मदतनिसाला सीटवर बसवून स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे सारखे हलवायला सांगा आणि तुम्ही कॉलमपासून (स्टिअरिंग चाकाखालच्या दांड्यापासून) खाली पुढच्या चाकापर्यंत एकेक सांधा पाहत या. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा भाग उशिरा हलतो, अशी प्रत्येक जागा ही ढिलाईची जागा असते. डोळ्यांपेक्षा तळवा अधिक खरे सांगतो. बॉल जॉइंटवर वरून हात ठेवला की सैल जॉइंटमधली ‘टक’ स्पष्ट जाणवते. मात्र बोटे आर्म आणि चासीच्या मध्ये येऊ देऊ नका.

कॉलमला युनिव्हर्सल जॉइंट असल्यास तो आणि बॉक्स चासीला धरून ठेवणारे बोल्ट आधी पाहावेत. बोल्ट सैल असले तर सगळा बॉक्सच किंचित कुरकुरत हलतो आणि बोल्टाभोवतीच्या रंगाला केसासारखी चीर पडलेली दिसते. त्यानंतर ड्रॉप आर्म. माझ्या ट्रॅक्टरवर आर्मच्या नटाखाली गंजाच्या रंगाची बारीक लालसर भुकटी जमली होती, आणि ती पुसली की दोन दिवसांत पुन्हा दिसे. दोन धातू एकमेकांवर सूक्ष्म घासत असल्याची ती खूण आहे. नट आवळून भागले तर उत्तम. स्प्लाइनचे दात चेपले असतील तर आर्म बदलावा आणि शाफ्टही तपासावा. आर्म शाफ्टला वेल्डिंगने चिकटवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मी कधीही मानणार नाही. उष्णतेने कडक केलेला शाफ्ट वेल्डिंगजवळ ठिसूळ होऊन तुटू शकतो, आणि तो तुटला की स्टिअरिंग हातात असूनही चाके आपली राहत नाहीत.

ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि टाय रॉड (दोन्ही पुढची चाके जोडणारा दांडा) यांचे बॉल जॉइंट सैल निघाले तर ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवेच घालावेत. जुना जॉइंट काढण्याआधी लॉक नट सैल करा आणि जॉइंट किती फेऱ्यांत बाहेर येतो ते मोजून ठेवा. एका टोकाला उलटे आटे असू शकतात हेही लक्षात असू द्या. निमुळती पिन अडकली असेल तर तिच्या आट्यांवर ठोकू नये. नट दोन-चार आट्यांवर राहू देऊन आर्मच्या डोळ्याच्या (पिन बसते त्या भोकाच्या) एका बाजूला जड हातोडा टेकवावा आणि दुसऱ्या बाजूने ठोका मारावा, पिन आपसूक सुटते. नवा नट आवळताना स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही, तर नट थोडा अधिक आवळून जुळवावे, सैल करून नव्हे. नंतर टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरून किती आत झुकलेली आहेत ते, मोजावे लागते. एक्सलच्या उंचीवर टायरांच्या मध्यरेषांतले अंतर पुढून आणि मागून मोजा. अनेक लहान ट्रॅक्टरांत पुढचे अंतर २ ते ८ मिमी कमी असावे लागते.

आता जॅक लावा आणि एक्सलखाली घोडी (स्टँड) ठेवा. चाक वरच्या आणि खालच्या कडेला धरून हलवा. हब (चाकाचा मधला भाग) स्पिंडलवर (तो ज्या दांड्यावर फिरतो त्यावर) हलला तर बेअरिंग सैल आहे; हब आणि स्पिंडल मिळून एक्सलच्या तोंडाशी हलले तर किंगपिनचा (चाक ज्या उभ्या पिनभोवती वळते तिचा) बुश गेला आहे. बुश बदलून रीमरने पिनच्या मापाला आणणे हे काम लेथवाल्याकडून करून घ्यावे. एक्सलच्या मधल्या पिव्हट पिनचा बुशही पाहावा, कारण तिथे ढिलाई असली की पुढचा एक्सलच पुढेमागे सरकतो. चारचाकी ड्राइव्हच्या अनेक छोट्या ट्रॅक्टरना पुढे किंगपिनऐवजी बेव्हल गिअरची घरे असतात. ती पुस्तिकेशिवाय उघडू नयेत.

हे सगळे घट्ट करूनही प्ले उरला तरच बॉक्सकडे वळा. प्रथम तेल पाहा. अनेक बॉक्सना ९० नंबरचे गिअर ऑइल लागते. ऑइलच्या जागी ग्रीस भरणारेही पाहिले आहेत, पण ते गिअरच्या दातांवरून एकदा बाजूला सारले गेले की परत येत नाही. मग स्टिअरिंग चाक वर ओढून खाली दाबून पाहा. ते वर-खाली हलत असेल तर वर्म शाफ्टची (बॉक्समधल्या आटेदार शाफ्टची) बेअरिंग सैल आहेत, आणि ती शिम (पातळ चकत्या) किंवा मोठ्या नटाने आधी साधावी लागतात. स्क्रूची पाळी त्यानंतर. ड्रॅग लिंक सोडवा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर थांबा. टोकाला स्टिअरिंग आदळू देऊ नका, बॉक्समध्ये फिरणाऱ्या गोळ्या असतील तर त्यांची नळी दबू शकते. लॉक नट सैल करून स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा आवळा, स्क्रू धरून ठेवून नट घट्ट करा, आणि पुन्हा टोकापासून टोकापर्यंत फिरवून पाहा. बॉक्सचे दात मध्यावरच सर्वांत जास्त झिजतात, म्हणून मध्यावरचा सगळा प्ले स्क्रूने काढला की बाजूला, जिथे दात अजून नवे आहेत, तिथे स्टिअरिंग जड होते. कुठेही जड लागले तर स्क्रू किंचित मागे घ्या. तेवढा प्ले बॉक्सला राहू द्यावाच लागतो. तो फार वाटला तर बॉक्स खोलून गिअर बदलण्यावाचून इलाज नाही.

शेवटी लिंक जोडून प्ले पुन्हा मोजा आणि पहिल्या आकड्याशेजारी लिहा. दहा-बारा तासांच्या कामानंतर ड्रॉप आर्मचा नट, लॉक नट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा पान्याने तपासा.