पुरात भिजलेल्या सागवानी खुर्च्या: आधी सांधे, पॉलिश नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात शाहूपुरीतल्या घरात आजोबांनी १९५५ च्या सुमारास करून घेतलेल्या हातांच्या चार सागवानी खुर्च्या आहेत. २०२१ च्या पुरात त्या पाण्यात होत्या. आता सांधे डुगडुगतात, वेताची बैठक फाटली आहे, पॉलिश पांढरं पडलंय आणि एका हाताचं टोक तुटलंय. मेस्त्री म्हणतात, खिळे मारून घट्ट करू, मशीननं घासू, वर पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे प्लॅस्टिकसारखा थर देणारं पॉलिश) मारू, नव्यासारख्या होतील. तर द्याव्यात का?

असं काम करायला देऊ नका. आमचं घर सुतारकामाचं, मंगळवार पेठेतलं. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांनंतर अशा खुर्च्या आमच्याकडे आल्या. जुनं सागवान गाभ्याचं असेल तर पुराच्या पाण्यानं सहसा काही होत नाही. खुर्च्या वाया जातात त्या नंतरच्या घाईच्या दुरुस्तीनं.

सांधे का सुटले ते आधी बघा. फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. त्याआधीच्या खुर्च्या सरसानं जोडलेल्या असायच्या. सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडं उकळून केलेली खळ, आणि ती पाण्यानं सुटते. म्हणजे पुरात तुमच्या खुर्च्यांचं लाकूड गेलेलं नाही, फक्त सरस गेलाय. कुसू, म्हणजे सांध्यात आत जाणारं लाकडाचं टोक, शाबूत असणार, ज्या भोकात ते बसतं तेही शाबूत असणार. यात तुमचा फायदाच आहे, कारण काहीही न मोडता खुर्ची पूर्ण सुटी करता येते.

सुटी करण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं एकच खूण करा. हातानं केलेल्या खुर्चीत एका पायाचं कुसू दुसऱ्या पायात नीट बसत नाही. सांध्यात आरपार लाकडी खुंटी ठोकलेली आहे का, मधे कुणी खिळा मारून ठेवलाय का, हे उजेडात नीट बघा. खुंटी असेल तर ती आधी काढायची. एखादा सांधा अडला तर इंजेक्शनच्या सिरिंजनं त्यात कोमट पाणी सोडा, थोडं थांबा आणि फडकं ठेवून लाकडी हातोडीनं हळू ठोका. सांधा उघडला की कुसवावर तपकिरी, काचेसारखा चकाकणारा थर दिसेल. तोच जुना सरस. तो कोमट पाणी आणि जुन्या टूथब्रशनं काढा. पटाशीनं खरवडू नका, लाकूड जरासं जरी गेलं तरी कुसू ढिलं होतं. सावलीत पूर्ण वाळू द्या, मग काही न लावता जोडून बघा. ढिलं वाटलं तर रंध्याची पातळ सागवानी ढलपी कुसवाला चिकटवून जाडी भरून काढा.

खिळ्याला माझा ठाम विरोध आहे. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिलमध्ये आकसतं. खिळा काही फुगत-आकसत नाही. वर्षा-दोन वर्षांत तो कुसू चिरतो, गंजतो आणि भोवतीचं सागवान काळं पाडतो. मग खुर्ची खरोखरच दुरुस्तीपलीकडे जाते.

आता जोडायचं कशानं? फेविकॉल चालेल, पण लाकूड पूर्ण उघडं झालेलं हवं, उरलेल्या सरसावर ते धरत नाही. मी मात्र सरसच वापरतो. पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत गरम करायचा, उकळू द्यायचा नाही. तुमच्याकडे पाणी पुन्हा येऊ शकतं म्हणून वॉटरप्रूफ बरं, असं वाटेल. पण पुन्हा पाणी आलं तर सरस सुटेल आणि कुसू वाचेल, मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. क्लॅम्प नसेल तर चारही पायांभोवती सुती दोरी गुंडाळून काठीनं पीळ द्या. ताण दिल्यावर खुर्ची सपाट फरशीवर ठेवून चारही पाय टेकतात ना हे लगेच बघा, आणि एक दिवस हात लावू नका.

पॉलिशचं त्यामानानं सोपं. बैठकीखाली, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं स्पिरिट पॉलिश आहे, आणि त्या काळातल्या खुर्चीवर बहुधा तेच असतं. पांढरेपणा म्हणजे त्यात अडकलेला ओलावा. स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेलं फडकं झरझर फिरवलं तर बराचसा जातो. राहिलेल्या ठिकाणी ताज्या चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, पातळ हात द्या, नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते. पीयू तसं होत नाही, पुढे चरा पडला की अख्खा थर उतरवावा लागतो. मशीननं घासलं की हातांच्या कडांची गोलाई आणि इतक्या वर्षांच्या हातांनी आलेली झाक, दोन्ही जातात.

घासण्याआधी खुर्ची उलटी करून खाली काही अक्षरं, शिक्का, नंबर आहे का तेही बघा. वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या चंदीगडच्या सरकारी खुर्च्या एकेकाळी भंगारात निघाल्या, आज त्याच परदेशी लिलावांत लाखोंना जातात, आणि त्यांवर रंगानं लिहिलेले कार्यालयाचे नंबर अस्सलपणाची खूण मानली जाते. तुमच्या खुर्च्या तिथल्या नसतील, पण आजोबांच्या सुतारानं केलेली खूण असेल तर ती राहायला हवी.

वेत स्वतः विणायच्या फंदात पडू नका, कसबी माणूस शोधा. अनेक अंध कारागीर हे काम सुरेख करतात. बैठकीच्या चौकटीला ओळीनं भोकं असतील तर हातानं विणलेलीच जाळी मागा. प्लॅस्टिकचा वेत स्वस्त पडतो, पण ओला वेत वाळताना जसा ताणून बसतो तसा तो बसत नाही.

तुटलेल्या टोकाला नवं लाकूड लावू नका, रंग जुळत नाही. पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचा सागवानी तुकडा मिळवा, टिंबर मार्केटमध्ये विचारा. तिरका काप घेऊन, रेषा जुळवून जोडायचा. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवण्याआधी तो काप थिनरनं पुसून घ्या.

सांध्यांचं काम घरात कोरड्या जागी पावसाळ्यातही सुरू करता येईल. लाखेचं पॉलिश मात्र दिवाळीनंतरच, कारण पावसाळी हवेत मारलेली लाख पुन्हा पांढरी पडते.